मॅचिंगवाल्या बाई

ढगाळ दिवशी आमच्या बाई कापड विकत नसत.

गांधीबागेतल्या त्या गल्लीत ब्लाउजपीस, अस्तर, फॉल विकणारी दुकानं भरपूर होती, आणि ढग आले म्हणून त्यांतल्या एकाचाही धंदा थांबत नसे. बाईंचा थांबायचा. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की बाई तिचा पदर चिमटीत धरून आधी आभाळाकडे बघायच्या, मग साडीची घडी घालून ती परत हातात द्यायच्या. "आज नाही. उद्या ऊन पडलं का या." गिऱ्हाईक काटोलहून आलेलं असो की भंडाऱ्याहून, त्याच्या घरी लग्न असो की बारसं, बाईंना त्याचं काही नव्हतं. "ट्यूबलाइटच्या उजेडात लोक काळ्याले निळा म्हनतेत. मी आज विकीन अन् मांडवात तुम्ही माया नावानं बोटं मोडसान. उद्या या."

ऊन असलं की मात्र सोहळा असायचा. "उन्हात चला" म्हणत बाई गिऱ्हाइकाला गल्लीच्या मधोमध उभं करायच्या. एका हातात साडी, दुसऱ्या हातात कापडाचा ताका. मागे ई-रिक्षा खोळंबलेली, गठ्ठ्यांनी भरलेले हातठेले खोळंबलेले, आणि बाई निवांतपणे कापड फिरवून बघतायत. कुणी हॉर्न वाजवला तर ताक्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "वाजव गा, वाजव. रंग पाहून राहिली मी, दिसत नाही का तुले?"

रंगांच्या नावांवरून त्या कुणालाही सोडत नसत. "मोरपंखी दाखवा" असं म्हणणाऱ्या एका कॉलेजातल्या मॅडमना त्यांनी विचारलं होतं, "मोर पाहिला का कधी? ही साडी रामा रंगाची आहे. रामा मागा, रामा देते. मोरपंखी मागितला तर मोरपंखीच देईन, मंग घेऊन या तो परत रडत." मॅडम रागावून निघून गेल्या आणि पुढच्या आठवड्यात साडी घेऊन परत आल्या. बहुतेक जणी परत यायच्या. डाळिंबी वेगळा आणि आमसुली वेगळा, चिंतामणी वेगळा आणि मोरपंखी वेगळा, हे आपल्या घरीसुद्धा कुणी इतकं जीव तोडून सांगत नाही.

भांडण हे त्यांचं जेवण होतं. लग्न केलेलं नव्हतं, वडिलांमागून दुकान चालवत होत्या, महाल भागात एका खोलीत एकट्या राहत होत्या. सकाळी शटर उघडलं की पहिलं भांडण शेजारच्या दुपट्टेवाल्याशी. तो आपल्या दुकानापुढे ताडपत्री बांधायचा आणि दररोज ती वीतभर आमच्या बाजूला सरकवायचा. "माया उजेड आहे तो!" बाई ओरडायच्या. "तुया बापानं ऊन विकत घेतलं का?" तो हसत हसत ताडपत्री मागे ओढायचा. मग दोघं एकाच किटलीतला चहा प्यायचे. बाई बशीतून. चहा झाला की बाई कनवटीची डबी काढून तपकीर ओढायच्या आणि इतक्या जोरात शिंकायच्या की दुपट्टेवाला पलीकडून "जय हो" म्हणायचा.

मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती गिऱ्हाईक म्हणून. बाईंनी मला उन्हात नेलं, साडी माझ्या हातावर टाकून तिच्यावर ताका धरला आणि कापडाकडे बघायचं सोडून माझ्या दंडाकडे बघत राहिल्या.

"हे जांभळं कालचं आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरून हात उलटा केला. "हे हिरवट मागच्या आठवड्यातलं. अन् हे पिवळं पडून राहिलं, ते त्याच्याही आधीचं. कोन मारते वं तुले?"

मी पडले म्हणून सांगितलं.

"दर आठवड्याले पडतं का?"

मी रडायला लागले. भर गल्लीत, लोकांच्या देखत. बाईंनी ताका खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "दुकानात माणूस पायजे मले. उद्यापासून ये. ब्लाउजपीस आता नेऊ नको, रंग जमून नाही राहिला."

अशी मी बाईंकडे कामाला लागले. पुढे नवऱ्याचं घर सोडून आईच्या खोलीवर राहायला आले, तेही त्यांच्याच जिवावर. माझा नवरा दारू पीत नव्हता. मोटारीचे सुटे भाग विकायचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, हळू आवाजात बोलायचा. त्याच्याबद्दल कुणाला सांगायला जावं तर लोक संशयानं माझ्याकडेच बघायचे. मी घर सोडल्यावर तो एकदा दुकानात आला. हात जोडून बाईंना म्हणाला, "ताई, हिला जरा बाहेर पाठवा. घरगुती बोलायचं आहे."

"घरगुती आहे ना?" बाईंनी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. "मंग उन्हात चल."

त्याला गजाच्या टोकानं ढकलत त्यांनी गल्लीच्या मधोमध नेलं आणि असा आवाज लावला की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. "पाहून घ्या रे सगळे! हा मानूस बायकोले मारते. शर्ट पाहा किती पांढरा आहे त्याचा!"

तो खाली मान घालून निघून गेला. नंतर कितीतरी दिवस आला नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले, एवढं मला आठवतं.

मग बाई पडल्या. तेही भांडता भांडताच. एका ठेलेवाल्यानं आमच्या पायरीवर गठ्ठे टेकवले होते, बाई त्याला जाब विचारायला खाली उतरल्या, ठेल्याचा दांडा लागून मागच्या मागे आपटल्या. डोक्याला टेंगूळ आलं, एक उलटी झाली. दुपट्टेवाल्यानं आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. मुका मार होता, त्याचं काही नव्हतं. पण डॉक्टरांना फोटोत दुसरंच काहीतरी दिसलं. शिरेतून औषध सोडून त्यांनी पुन्हा फोटो काढला. मेंदूतल्या डाव्या बाजूच्या एका मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. त्याचा पडण्याशी संबंध नव्हता. केव्हापासून होता कुणास ठाऊक. पडल्या नसत्या तर कळलंही नसतं.

त्या पहिल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, तपकीर बंद करायला सांगितली, जड उचलू नका म्हणाले.

"अन् भांडन?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. "शक्यतो टाळा," म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ते गमतीनं बोलले होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. बाईंना कळलं नाही. किंवा कळलं, पण भीती त्याहून मोठी होती.

त्याच डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मेंदूच्या नसांचं काम नळीनं करणारे. ते वयानं तरुण होते, घाई करत नव्हते. कागदावर झाडाच्या फांदीसारखी नस काढून तिच्या बेचक्यात त्यांनी फुगा काढला. "इथं भिंत पातळ झाली आहे. फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो, आणि मग वाचवणं अवघड असतं. कवटी उघडून बाहेरून चिमटा लावता येतो. किंवा जांघेतल्या नसेतून एक बारीक नळी आत घालायची, मेंदूपर्यंत न्यायची, आणि फुग्यात प्लॅटिनमची केसासारखी तार गुंडाळून भरायची. मग त्यात रक्त शिरत नाही. तुमच्या फुग्याचं तोंड रुंद आहे, म्हणून तार बाहेर सरकू नये यासाठी नसेत एक जाळी बसवावी लागेल."

बाईंनी तो कागद स्वतःकडे ओढला. "प्लॅटिनमचा रंग कोनता?"

"चंदेरी."

"चंदेरी का राखाडी?"

डॉक्टरांनी विचार केला. "राखाडीकडे झुकणारा चंदेरी."

"असं बोला," बाई म्हणाल्या. आणि मग, "यात काही वाईट होते का?"

"होऊ शकतं," ते म्हणाले. "नळी आत असताना रक्ताची गाठ होऊन पुढच्या नसेत अडकू शकते. तुमचा फुगा डावीकडे आहे. उजवा हात, उजवा पाय, बोलणं, यांवर परिणाम होऊ शकतो. बहुतेकांना होत नाही. पण होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. तरीही तुमच्या फुग्याचा आकार बघता तो तसाच सोडू नये, असं माझं मत आहे."

बाई "पाहते" म्हणाल्या आणि उठल्या. तो उन्हाळा सरला, पाऊस लागला, तरी त्या पाहतच होत्या.

त्या दिवसांतल्या बाई मला आठवाव्याशा वाटत नाहीत. डोक्याला घट्ट रुमाल बांधून बसायच्या. चालताना डोक्यावर भरली घागर असल्यासारख्या चालायच्या. खाली पडलेली कात्री उचलायलाही वाकत नसत. बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईक दोनदोनदा विचारायचं. शिंक आली तर दोन्ही हातांनी डोकं धरायच्या आणि डोळे मिटून, ती नुसती निघून गेली की फुगा फुटला, हे चाचपल्यासारखं बसायच्या. एका गिऱ्हाइकानं अबोली साडीवर चक्क शेंदरी कापड निवडलं. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली आणि मला खुणेनं सांगितलं, काप.

दुपट्टेवाल्याची ताडपत्री वीत वीत करत पुढे सरकली. एक दिवस तिनं आमचं अर्धं दुकान झाकलं. तो वाईट माणूस नव्हता. ओरडा येईल म्हणून तो रोज थांबत असावा, आणि ओरडा येत नाही म्हणून रोज थोडी अजून सरकवत असावा. आम्ही दिवसा ट्यूबलाइट लावायला लागलो. ढगाळ दिवशीही कापड विकायला लागलो.

"बाई, एकदा बोला ना त्याले," मी म्हटलं.

"आतमधी धडधड होते वं," त्या कुजबुजल्या. "फुटला म्हंजे?"

श्रावणात माझा नवरा पुन्हा आला. गल्लीतून त्याच्यापर्यंत ही बातमी पोचायची तशी पोचली असणार, की बाई आता बोलत नाहीत. तो आत आला, बाईंना नमस्कार केला, आणि काहीही न बोलता त्यानं माझं मनगट धरून मला ओढलं. मी फळीचा कोपरा धरला. त्यानं माझं डोकं त्या फळीवर आपटलं. दोनदा की तीनदा, मला सांगता येणार नाही. वरचे ताके माझ्या अंगावर पडले. मी खालून बाईंकडे बघत होते.

बाई गादीवर बसल्या होत्या. दोन्ही हात डोक्यावर गच्च धरलेले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गज त्यांच्या मांडीशी पडलेला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज येत नव्हता.

दुपट्टेवाल्यानं पळत येऊन त्याला बाजूला ओढलं. तो शर्ट झटकून निघून गेला.

दुपट्टेवाल्याला घेऊन मी ठाण्यात जाऊन तक्रार दिली. साक्षीदार म्हणून बाईंचं नाव लिहून घेतलं, जबाबाला नंतर येऊ म्हणाले. दुकानात परतलो तर बाई ताके घडी करून जागेवर लावत होत्या. मी लावते म्हटलं तर ऐकेनात. मग पायरीवर बसल्या आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"डॉक्टरले फोन लाव. मले ते करून टाकू दे."

"बाई, माझ्यासाठी नका करू."

"तुयासाठी कोन करून राहिलं वं?" त्या माझ्यावर खेकसल्या. "पाहिलं ना तू मले? तो फुगा फुटला असता तर मी मेली असती. फुटला नाही तर ही अशी जित्ती आहे. काय फरक आहे सांग. मले माया आवाज पायजे परत."

तारीख मिळाली. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या आधीपासून सुरू झाल्या. वर्ध्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला. शांत, सरळ माणूस, बहिणीला थोडा भिऊन असणारा. आणि खरं सांगते, ते शेवटचे दिवस बाई आनंदात होत्या. नाही म्हणायला डोक्याचा रुमाल तेवढा सुटला नव्हता. पण हॉस्पिटलात भरती झाल्या त्या दिवशी त्यांनी सिस्टरशी पहिलं भांडण काढलं. अंगात घालायला हिरवा गाऊन दिला होता.

"हा हिरवा आहे का? हा धुऊन धुऊन मेलेला पोपटी आहे. दुसरा आना."

सिस्टर म्हणाली, "आजी, सगळे सारखेच आहेत."

"आजी कोनाले म्हनतं वं?"

मी आणि त्यांचा भाऊ भिंतीकडे तोंड करून हसलो. इतके महिने जे ऐकलं नव्हतं, ते ऐकत होतो. सकाळी त्यांना ट्रॉलीवरून नेलं, तेव्हा दारापर्यंत मी बरोबर होते. त्या आडव्याच, छताकडे बघत म्हणाल्या, "सुट्टी झाली का आधी त्या ताडपत्रीवाल्याले पाहते."

बाईंचं ते शेवटचं वाक्य. म्हणजे बाई आहेत. वाक्य ते शेवटचं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर, क्ष-किरणांपासून वाचायला घालतात त्या शिशाच्या जड कोटाखालून निघाल्यावर असतो तसा घाम होता. त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं नाही. खुर्च्या ओढून बसवलं. फुगा पूर्ण भरला होता. जाळी नीट बसली होती. आणि अगदी शेवटी, नळी काढायच्या आधी, पुढच्या एका नसेत रक्ताची गाठ झाली. औषध दिलं, दुसरी नळी घालून गाठ ओढून काढली. थोडी निघाली, थोडी पुढे बारीक नसांत गेली.

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"म्हणजे वाट बघायची," डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्या तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता. दोन दिवस काहीच आवाज नाही. तिसऱ्या दिवशी भावानं विचारलं, "ताई, पाणी पाहिजे का?"

"हाव," बाई म्हणाल्या.

स्पष्ट. मोठ्यानं. त्यांच्याच आवाजात. भाऊ ढसाढसा रडला. मी धावत बाहेर जाऊन दुपट्टेवाल्याला फोन केला, बाई बोलल्या म्हणून. तो म्हणाला, "मले माहीत होतं. ते बाई कुठं चूप बसते."

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

"हाव."

"आज सकाळ आहे की संध्याकाळ?"

"हाव."

"डोकं दुखतं का?"

"हाव."

"दुखत नाही ना?"

"हाव, हाव." बाईंनी डावा हात वर केला आणि बोटांनी हवेत काहीतरी पकडायचा प्रयत्न केला. त्यांच्या डोळ्यांत इतका राग होता की मी मागे सरकले. जन्मभर जी बाई कुणाच्याही म्हणण्याला नाही म्हणत आली, तिच्या तोंडात होकाराचा एवढा एकच शब्द उरला होता.

डॉक्टर रोज यायचे, आपलं काम संपल्यावरही यायचे. कॉटशेजारी स्टुलावर बसायचे. एकदा मला म्हणाले, "मी केलं ते बरोबर होतं. आणि हे झालं. दोन्ही खरं आहे." त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

बोलायला शिकवणारी एक मुलगी यायची. पेला, चावी, चप्पल अशी चित्रं दाखवायची. बाई चित्राकडे बघायच्या, ओठ हलवायच्या, कपाळावर आठ्या यायच्या, आणि शेवटी "हाव". ती मुलगी म्हणाली, त्यांच्या आवडीचं काही आणा. मी दुकानातून कापडाचे तुकडे आणले. खिडकीशी ऊन येत होतं तिथं चादरीवर पसरले. बाईंनी डाव्या हातानं एकेक तुकडा उचलला. रामाशेजारी रामा, डाळिंबीशेजारी डाळिंबी, आमसुली वेगळा काढून ठेवला. एकही चुकला नाही. आतमध्ये सगळं होतं. जसंच्या तसं.

मी वेड्यासारखी शेवाळी तुकडा उचलून म्हटलं, "बाई, हा राणी ना?" मला वाटलं, चीड येऊन तरी तोंडातून काही निघेल.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा जबडा थरथरला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "हाव," त्या म्हणाल्या. आणि मग सगळे तुकडे हातानं ढकलून जमिनीवर पाडले आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पुन्हा तसं कधी केलं नाही.

पोलीस ठाण्यातून एक हवालदार बाई जबाबाला आल्या. भल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी सावकाश विचारलं, "ताई, यांच्या नवऱ्यानं तुमच्यासमोर यांना मारलं का?"

"हाव!" बाई जोरात म्हणाल्या.

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा विचारलं, "की तुम्ही काही पाहिलंच नाही?"

"हाव," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांनी जोरजोरात मान हलवली, पण ती होकारार्थी की नकारार्थी, हे मलाही सांगता येईना. पुन्हा पुन्हा "हाव, हाव, हाव" म्हणत त्या डाव्या हातानं माझ्या कपाळाकडे, जखमेच्या खुणेकडे बोट दाखवत होत्या. हवालदार बाईंनी कागद गुंडाळला. "असा जबाब चालत नाही," त्या हळूच म्हणाल्या. दुपट्टेवाल्यानंही मग आपण फक्त मधे पडलो, आधीचं काही पाहिलं नाही, असं लिहून दिलं. त्याला रोज त्याच गल्लीत बसायचं होतं, आणि माझा नवरा तिथं कधीही येऊ शकत होता. केस अजून चालू आहे, म्हणजे पडून आहे.

दुपट्टेवाल्यानं एक केलं. ताडपत्री सोडून घडी करून ठेवली. आमच्या बंद शटरवर दिवसभर ऊन पडायचं. भाऊ बाईंना वर्ध्याला आपल्या घरी घेऊन गेला आणि दुकान त्यानं भाड्यानं दिलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी जरीपटका भागात एका तयार कपड्यांच्या दुकानात लागले. तिथं रंगाला नाव नसतं, नंबर असतो.

सहा महिन्यांनी फेरतपासणीचा फोटो काढायचा होता. भाऊ त्यांना वर्ध्याहून घेऊन आला, मी हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. जिथं फुगा होता तिथं वेटोळ्याचा एक काळा गोळा, आणि शेजारून नस स्वच्छ, सरळ गेलेली. "पूर्ण बंद झाला आहे," ते म्हणाले. "आता फुटणार नाही." त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. बाई पडद्याकडे बघत होत्या. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि त्यांनी डाव्या हातानं त्यांचा हात थोपटला. डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले.

मागच्या महिन्यात मी वर्ध्याला गेले होते. भावाची बायको दारातच भेटली. ती मनानं चांगली आहे. बाईंना न्हाऊ-माखू घालते, भरवते, कधी तोंड वाकडं करत नाही. चहा ठेवता ठेवता मला म्हणाली, "ताईंचा काहीच त्रास नाही हो. किती शांत झाल्या. आधी यायच्या तेव्हा मला धडकीच भरायची. आता काहीही विचारा, हाव म्हणतात. भाजी आवडली का, हाव. टीव्ही बंद करू का, हाव. गल्लीतल्या बायका म्हणतात, किती गुणी आहेत तुमच्या नणंदबाई."

बाई समोर खुर्चीत बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना राखाडी गाऊन घातला होता. त्या सगळं ऐकत होत्या.

मी तासभर बसले. दुकानाचं सांगितलं नाही, केसचं सांगितलं नाही. आईची तब्येत, उन्हाळा, काहीबाही. त्या दर वेळी "हाव" म्हणत होत्या आणि माझ्याकडे एकटक बघत होत्या. बसची वेळ झाली म्हणून मी उठले, त्यांच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला.

"ताई, जाऊ द्या ना त्यांना, बस चुकेल," भावजय म्हणाली.

"हाव," बाई म्हणाल्या.

"सोडताय ना मग?"

"हाव, हाव."

मूठ सुटली नाही. आणखी आवळली. मी खाली वाकून म्हटलं, "बाई, मी पुन्हा येईन." त्या "हाव" म्हणाल्या आणि त्यांनी मला ओढलं, इतक्या जोरात की मी खुर्चीवर पडता पडता वाचले. शेवटी भावजयीनं बसून त्यांची बोटं एकेक करून उघडली, आणि प्रत्येक बोट उघडताना ती "झालं, झालं" म्हणत होती आणि बाई "हाव, हाव" म्हणत होत्या.